श्रावण संपू दे म्हणालो

गोठ्यात टांगलेल्या अळंबीच्या पिशव्यांवर पाणी मारलं, ते आमचं दोघांचं शेवटचं साधं काम. न्हाव्याकडं असतो तसला फवारा बायकोच्या हातात, बादली माझ्या. तिला उभं राहवत नव्हतं, खुर्चीत बसवली होती.

"आवं, फुटली बघा," म्हणाली. भुश्शातनं पांढरे कान बाहेर आलेले.

त्याआधी चार महिने सांगलीला तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, "बाबा, पसरलाय. खातील ते खाऊ द्या." पण औषधांनी पोट बिघडलं, तिला काही गोड लागेना. तपासणीला गेलो तवा तिनंच डॉक्टरांना विचारलं, अळंबी चालंल का? शिराळ्याकडं माहेरी खायची.

"चालेल. रानातली नको, लावलेली. मऊ शिजवून, थोडी. त्यात प्रीबायोटिक असतं, म्हणजे पोटातल्या चांगल्या जंतूंचं खाणं. पण त्यानं आजार जाणार नाही, आजी. आवडते म्हणून खा."

लेकीनं साताऱ्याहून अळंबीचं बियाणं आणलं. भुसा मीच उकळला, पिशव्या मीच भरल्या. फुटली नेमकी श्रावणात.

आमच्या घरात अळंबी मटणात धरतात. मी म्हणालो, "श्रावणात चुलीवर चढायची न्हाई. संपू दे."

ती हसली. "तुमच्या श्रावणाआदी मीच संपंन."

मला चेष्टा वाटली. मी मिलिटरीत ड्रायव्हर होतो. तिथं श्रावणात मटण मागून खाल्लंय. तिला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी ताप चढला. परत सांगली. सेप्सिस म्हणाले, म्हणजे जंतूंचं विष रक्तात पसरलं. तोंडानं खाणं बंद, नुसतं सलाईन. मी वॉर्डाबाहेर बाकावर बसून होतो. पाचव्या दिवशी पहाटे गेली. दुपारी गावी आणून अग्नी दिला.

अळंबीनं ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात असं कोणी असेल, आणि डॉक्टर हो म्हणत असतील, तर मागितलेलं त्याच दिवशी द्या. पंचांग बघत बसू नका. मी बसलो.

अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेलो. आधीची अळंबी वाळून पिवळी पडलेली, शेजारी नवी फुटलेली. मूठभर तोडली. सुतकात आमच्यात चूल पेटवत नाहीत. मी पेटवली.

"आबा, काय करताय हे?" लेक म्हणाली.

"तुझ्या आईनं मागितलंय."

मऊ शिजवली. वाटी तिच्या दिव्यापाशी ठेवली. श्रावणाचे अजून सहा दिवस होते.