आईच्या दारी न थांबण्याचा तोडगा

"बरं झालं, मिटलं एकदाचं. दोघांनीही तिच्या दारी थांबायचं नाही. तसंही तिला काय कळणार आहे आता?"

मामी हे काकूंना सांगत होती, आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच चुलीवर हात शेकत. दोघी आईला बघायला म्हणून आल्या होत्या. मी विहिरीवर गेले आहे असे त्यांना वाटले असावे. मी भिंतीपलीकडच्या पडवीत आईसाठी पेज गाळत बसले होते. काकू म्हणाल्या, "हो ना बाई. आजाऱ्याच्या दारात भांडण शोभतं का? त्यापेक्षा कोणीच नको." मग दोघींनी समाधानाचा सुस्कारा सोडला. माझ्या हातावर पेज सांडली, चांगले भाजले, तरी तोंडातून शब्द निघाला नाही. हे माझे नेहमीचे आहे. मिशनच्या बोर्डिंगात इंग्रजीतून शिकले, तिथे विचारल्याशिवाय न बोलणे हा मोठा गुण समजत, आणि तो मला इतका जडला की घरी आल्यावरही सुटला नाही. लोक म्हणत, पोर किती गरीब आहे. त्या वेळी माझ्या पोटात जे उकळत होते ते पेजेपेक्षा कढत होते, हे कोणाला दिसले नाही इतकेच.

त्या बोलत होत्या ते नाताळच्या फेरीबद्दल. आमची देवासची ख्रिस्ती मंडळी लहान, दहा-बारा घरांची, बहुतेक नगरकडून आलेली. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. फेरी त्यांनी सुरू केली. नाताळच्या दिवशी उजाडायच्या आधी एक घर कंदील आणि टाळ घेऊन निघे, ख्रिस्तजन्माचे अभंग म्हणत दुसऱ्या घराच्या दारी जाई. ते घर सामील होई, मग दोन्ही मिळून तिसऱ्याकडे. अशी सगळी मंडळी गोळा होत होत प्रार्थनामंदिरात पोचे, आणि उपासनेनंतर एका पंगतीला दाल-बाफले, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे भाजके गोळे, जेवी. बाबांचा एक नियम होता. ज्या घरी कोणी आजारी असेल ते घर सर्वांत शेवटी घ्यायचे, म्हणजे त्या दारी मंडळीतला एकही आवाज कमी पडायला नको. बोर्डिंगात नाताळला पियानो असे, केक असे, आणि आम्ही मुली अगदी सुरात गात असू. इथे सुरात फारसे कोणी नव्हते. पण इथे दार उघडून बाहेर आले की आपण त्यात असू, कोणी परीक्षा घेत नसे. मला इथलेच आवडे.

बाबा प्लेगच्या सालात गेले आणि दोन वर्षांत फेरीचे वाटोळे झाले. देवास गाव दोन राजांचे, हे सर्वांना ठाऊक आहे. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. कचेऱ्या दोन, शिपाई दोन. राजांचे राजांपाशी. आम्ही बापड्या ख्रिस्ती लोकांनी त्या वाटणीतून काय घ्यावे? पण काका थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून, म्हणून त्यांचे म्हणणे, थोरलीचा मान पहिला, फेरी आमच्याकडून निघेल. मामा धाकट्या पातीच्या राजाकडे शिंपीकाम करी. त्याचे म्हणणे, प्रार्थनामंदिर आमच्या अंगाला आहे, तेव्हा निघेल तर इकडून. त्यावरून पुढचा कंदील कोणी धरायचा हे निघाले, त्यावरून बाफल्यांत तूप कोणाचे चांगले हे निघाले. शेवटी दोन फेऱ्या आणि दोन पंगती ठरल्या. मंडळीची भांडी वाटून घेतली, तीही अशी की मोठा हंडा मामाकडे गेला आणि झारे-पळ्या काकांकडे. एकाकडे शिजवायला होते पण ढवळायला नव्हते, दुसऱ्याकडे नुसतेच ढवळायला. याचे कोणाला हसू येत नव्हते. मलाही येत नव्हते, मला चीड येत होती.

कारण मधे माझी आई होती. काका बाबांचे सख्खे भाऊ, मामा आईचा. तिच्या पोटात गाठ झाली होती. पावसाळा संपताच धारच्या मिशन दवाखान्यात तिला नेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी गाठ चाचपून पाहिली, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मला बाहेर बोलावून सांगितले की घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. वाटेत गाडीत आईने एकच गोष्ट मागितली. "औंदा नाताळला सगळे आपल्या दारी येतील ना गं? आजारी घर शेवटी असतं." मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार होते?

म्हणून मी काकांकडे गेले. सगळे वाक्य मनात जुळवून गेले होते, पण त्यांच्या ओसरीवर उभी राहिल्यावर "आईला बरं नाही" एवढेच बोलले. काका म्हणाले, "अगं, मी येतो की. माझी वहिनी आहे ती. पण त्या शिंप्याला सांग, माझी फेरी दारात असताना त्यानं फिरकायचं नाही." मग मामाकडे गेले. मामाने सुई न थांबवता सांगितले, "माझी बहीण आहे, मी गाईन. कारकूनसाहेब तिथं उभे असले तर मात्र माझ्या गळ्यातून सूर निघायचा नाही बघ." दोघांनाही आईविषयी प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. तेच तर अधिक संतापाचे. मग मंडळीतल्या चार शहाण्यांनी बसून हा तोडगा काढला: दोन्ही फेऱ्यांनी त्या गल्लीतून जायचे, पण आमच्या दारासमोर टाळ बंद, गाणे बंद, थांबायचे नाही. म्हणजे भांडण नको. सगळ्यांनी मान डोलावली. शांतीच्या अधिपतीचा सण, आणि शांती विकत घेतली ती माझ्या आईच्या शेवटच्या नाताळने.

आदल्या संध्याकाळी मी आईचे पाय चेपत होते. ती म्हणाली, "उंबऱ्यात दिवा ठेवशील ना?" मी दिवा ठेवला आणि मागच्या पडवीत जाऊन गुडघे टेकले. बोर्डिंगात आम्हाला शिकवलेली प्रार्थना फार विनयाची असे. त्या दिवशी माझ्या मनात आले ते असे: प्रभू, मी आता मागत नाही, मागून झाले. ही मंडळी तुझी, हा सण तुझा, ती बाई तुझी. तुझे तू बघ. दार आपटून निघून जावे तशी ती प्रार्थना होती. आमेनसुद्धा म्हटले नाही. उठले, आणि मला आश्चर्य वाटले की मला झोप लागली.

पहाटे जाग आली ती गाण्याने नव्हे. दाराबाहेर लाकूड कडाडले, काहीतरी धपाधप पडले, आणि एका माणसाने मोठ्या आवाजात आपल्या नशिबाला, बैलाला आणि रस्ता बांधणाऱ्याला शिव्या घातल्या. मी उंबऱ्यातला दिवा उचलून दार उघडले. कन्नौदकडून बाजाराला निघालेली ज्वारीची गाडी आमच्या दारासमोर आडवी पडली होती. एक चाक निखळून गटारात गेले होते, पोती दोन्ही अंगांना विखुरली होती, आणि एक बैल जुवाखाली अडकून गुडघ्यांवर बसला होता. गल्ली आधीच अरुंद. आता कुत्रेही पलीकडे जाऊ शकले नसते. गाडीवान म्हातारा नव्हता, तरुणही नव्हता, डोक्याला मफलर गुंडाळलेला. मला पाहताच म्हणाला, "बाई, दिवो जरा इधर लाव. म्हारो बैल दब्यो हे."

मी दिवा धरला. बैलाच्या नाकातून वाफ येत होती. आणि तेवढ्यात एका टोकाकडून टाळ ऐकू आले, आणि लगेच दुसऱ्या टोकाकडून. तोडग्यात सगळे ठरले होते, पण गल्लीतून आधी कोणी जायचे हे ठरायचे राहून गेले होते. म्हणून दोघेही लवकर निघाले होते, आपण पहिले जावे म्हणून. काका कंदील घेऊन इकडून आले, मामा कंदील घेऊन तिकडून आला, मधे ती गाडी. दोन्हीकडचे टाळ थांबले.

गाडीवानाने मान वळवून इकडे पाहिले, तिकडे पाहिले. "अरे भिया," तो म्हणाला, "ई कईं? एक गली में दो-दो बरात? ने दूल्हो कां हे?"

नवरदेव कुठे आहे, असे तो विचारत होता. त्याने ते थट्टेने म्हटले होते. आम्ही कोण, आज काय आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिकांचा प्रभूने दिलेला दाखला, ज्यातला वर म्हणजे तो स्वतःच, आमच्यातल्या लहान पोरीलाही पाठ आहे. कोणी हसले नाही. काकांच्या हातातला कंदील हळूहळू खाली आला. मामीने पदर तोंडाला लावला.

"उभा कईं हो?" गाडीवान ओरडला. "ओ पगड़ीवाळा भिया, तम वां से लगो! ने तम, टोपीवाळा, इधर खांदो दो! बैल मरी जायगो म्हारो!"

पगडीवाले काका होते आणि टोपीवाला मामा. कारकुनाला आणि राजाच्या शिंप्याला इतक्या उघडपणे कोणी हुकूम सोडला नसेल. दोघेही मुकाट्याने पुढे झाले. एका जुवाला दोघांनी खांदा लावला, बाकीचे पुरुष गाडीच्या साटीला भिडले. दोनदा गाडी उचलली गेली आणि पुन्हा बसली. तिसऱ्यांदा मामा म्हणाला, "दादा, तुमच्या बाजूनं जरा वर घ्या," आणि काकांनी घेतले. बैल सुटला, उठून थरथरत उभा राहिला. पोती ठेवायला जागा एकच होती, आमचा ओटा. दोन्ही पात्यांच्या लोकांनी पोती वाहून आमच्या ओट्यावर रचली. काकांच्या कोटाची शिवण खांद्यावर उसवली होती. मामाने ती पाहिली, हात पुढे केला आणि मागे घेतला.

मग काय व्हावे? सगळ्यांनी कपडे झटकले आणि पुन्हा दोन घोळके झाले. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. गाडी आता थोडी सरकली होती, एकेकाला जाण्याइतकी वाट झाली होती. काका म्हणाले, "चला, उशीर झाला." दाराकडे कोणी पाहत नव्हते. तोडगा तोडगा होता. मी दिवा घेऊन तिथेच उभी, आणि आतून आईचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ.

त्यानंतर जे झाले ते मंडळीत पुष्कळदा सांगितले जाते, म्हणून थोडक्यात सांगते. त्या सकाळी सगळ्यांनी मिळून गायिले. सगळे घरात मावेनात म्हणून निम्मे पोत्यांवर बसले. बाबांच्या वेळचाच अभंग, आणि नेहमीसारखाच बेसूर. आईने डोळे मिटून ओठ हलवले. हंडा आणि झारे दुपारी एके ठिकाणी आले. गाडीवान चाक बसवून होईपर्यंत थांबला, पंगतीला बसला, सहा बाफले खाल्ले, नाव विचारायच्या आधी निघून गेला. आई ईस्टरच्या आधी वारली. पुढच्या वर्षी कंदिलावरून पुन्हा थोडे वाजले, नाही असे नाही, पण दुसरी फेरी काढायची भाषा कोणी केली नाही.

मामा म्हणतो, प्रभूने चाक काढले. काका म्हणतात, कन्नौदचा रस्ता तसाच आहे, रोज कोणाचे तरी निखळते. आमच्या मंडळीच्या पाळकांनी मला विचारले, तेव्हा मी म्हटले की चाक जुने होते एवढे मी स्वतः पाहिले. मला वाद घालायचा नाही. मला एवढेच ठाऊक आहे की आदल्या दिवशी मी सारे त्याच्यावर टाकले होते, तेही प्रेमाने नव्हे, रागाने. शरण जाणे म्हणजे आधी मन शांत करणे, गोड होणे, मग जाणे, असे मला शिकवलेले होते. तसे असते तर मी अजून पडवीतच बसले असते. त्याने माझा राग जसा होता तसा घेतला, धुऊन आणायला सांगितले नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो मला परत दिला, तोंड उघडण्यापुरता. यासाठी मी त्याचे आभार मानते. त्या तोडग्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, हेही त्याला ठाऊक आहे.

आतून आईचा आवाज आला तेव्हा मी काय बोलले, हे मात्र लोक निरनिराळे सांगतात. कोणी म्हणते मी बायबलातले वचन म्हटले. कोणी म्हणते मी रडून पाया पडले. दोन्ही खोटे. मी रडले नाही, आणि वचन मला एकही आठवले नाही. मी दिवा ओट्यावर ठेवला आणि इतक्या मोठ्याने बोलले की बैल दचकला.

"आत आई विचारतेय, आले का गं सगळे. मी तिच्याशी खोटं बोलणार नाही. काका, मामा, आत या आणि तुम्हीच सांगा तिला, कोण आलंय ते!"