डबीतला भुऱ्या

काजल भिला पाटील हिच्या गळ्यात अख्खी गल्ली राहायची. शेजारच्या शोभाबाईंचा आवाज काढायचा असला की आधी कमरेवर हात, मग मान तिरकी, आणि मग सुटायचं, "ओ काजलनी माय! मन्ही बकरी तुमना अंगणमा उनी का व? उनी व्हई तं हाकली दे, नही उनी व्हई तं देखी ठेव!" एकदा या आवाजाला फसून खरोखरची बकरी कुंपण फोडून धावत आली. शोभाबाई आठ दिवस रुसल्या, आणि ते आठ दिवस गल्लीला शोभाबाई कमी पडू नयेत म्हणून काजलच त्यांच्या वाटणीचं बोलली. शहादा-तळोदा गाडीचा कंडक्टर ती काढायची, डेअरीवरचा मापाडी काढायची, लग्नात मंगलाष्टकं म्हणताना मध्येच खाकरणारे गुरुजी काढायची. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याचा भोंगासुद्धा. एकदा तिने तो दहा मिनिटं आधी वाजवला, तेव्हा डबे घेऊन तीन माणसं सायकलवर बसली होती.

हाच गळा पुढे पोटापाण्याला लागला. शहाद्यात एका मोबाईल दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती जाहिराती बोलते. त्या रिक्षावर लागतात आणि गावोगाव फिरतात. "माता-भगिनींनो, संधी दवडू नका!" भाजी घेताना कधी समोरून स्वतःचाच आवाज येतो आणि तिलाच साड्यांच्या सेलला बोलावतो. वाक्याचं शेपूट वर उचललं की माल खपतो, हे ती तिथे शिकली.

एक आवाज मात्र ती काढत नव्हती. थोरल्या भावाचा, भाग्येशचा. तो कारखान्याच्या मागच्या गाळप हंगामात वारला. प्रकाशा गावाच्या रस्त्याला संध्याकाळी उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता, लाल फडकंही नव्हतं. मोटारसायकल तशीच आत गेली. अठ्ठावीस वर्षांचा होता.

त्याचा आवाज कसा होता ते काजलला पाठ होतं. बोलण्याआधी तो नाकाने एक श्वास ओढायचा. घसा जरासा घोगरा. आणि वाक्य शेवटाला खाली यायचं, उतारावर पाय न मारता सायकल जाते तसं. "आबा, आते ऐक हां..." एवढं जरी तिने म्हटलं असतं तरी घरातली भांडी हातातून पडली असती. म्हणून ती म्हणत नव्हती.

पण आबांना तेच हवं होतं.

आबा म्हणजे भिला पाटील. तीस वर्षं कारखान्याच्या गव्हाणीवर काढली, जिथे उसाच्या मोळ्या खाली पडतात आणि पट्ट्यावरून आत जातात तिथे. निवृत्त झाले आणि काचबिंदूने आधी कडेचं दिसणं नेलं, मग मधलं. भाग्येश तेव्हा नंदुरबारला एका वर्कशॉपमध्ये लागला होता, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि दर रविवारी घरी यायचा. एका रविवारी त्याने सुरतच्या जुन्या बाजारातून एक निळा हातातला गेम आणला. आबा त्याला डबी म्हणायचे.

डबीतला खेळ जपानी होता. एक अक्षर कोणाला वाचता येत नव्हतं. खेळ तर सगळा बोलण्याचा. एक पोरगा घरातून निघतो, रानोमाळ फिरतो, नाना तऱ्हेची जनावरं पकडतो, पाळतो, वाढवतो, दुसऱ्यांच्या जनावरांशी लढवतो. वाटेत शंभर माणसं भेटतात आणि प्रत्येकजण काहीतरी सांगतो. काय सांगतो? देव जाणे. मग भाग्येशनेच सांगायला घेतलं, तेही अहिराणीत, आंधळ्या बापाला, खाटेच्या कडेला बसून.

सुरुवातीलाच एक म्हातारा शास्त्रज्ञ तीन जनावरं पुढे ठेवतो, एक आगीचं, एक पाण्याचं, एक पानाचं. भाग्येशने विचारलं, "आबा, कोणता लेऊ?"

आबांनी खूप विचार केला. बैलबाजारात उभे असल्यासारखा केला. "आगवाला गंजी पेटाडी दी. पाणीवाला बांध फोडी. पानवाला ले, गरीब ऱ्हास तो."

"नाव काय ठेवू?"

"भुऱ्या."

"आबा, तो हिरवा शे!"

"मंग काय व्हयनं? मन्हा पयला बैलनं नाव भुऱ्या व्हतं. तो बी काही भुरा नव्हता."

तेव्हापासून तो भुऱ्या. जपानी अक्षरांत नाव घालता येत नव्हतं, म्हणून ते दोघांच्या तोंडातच राहिलं.

आबांना न दिसता सगळं कळायचं. रानटी जनावर पकडायला गोळा फेकला की तो तीनदा हलतो, टक, टक, टक, आणि तिसऱ्यानंतर एकतर जनावर आपलं होतं नाहीतर गोळा फोडून पळतं. त्या तीन टकटकींना आबा श्वास धरून बसायचे. एका गावात रस्त्यावर एक अगडबंब जनावर आडवं झोपलेलं होतं, काही केल्या हलेना. भाग्येश वैतागला. आबा म्हणाले, "झोपू दे. पंचायतना माणूस व्हई. तीन वाजाले उठी." लढाईत भुऱ्या हरायला आला की म्हणायचे, "थकेल बैलले पराणी नको मारू रे, दवाखानामा ले त्याले." भाग्येश मुकाट्याने मागे फिरायचा. असं करत करत दुसऱ्या कोणी महिन्यात संपवला असता तो खेळ सहा वर्षं चालला. दर रविवारी तासभर. भुऱ्या दोनदा कात टाकून मोठा झाला, पाठीवर झाड उगवलं. पुढे एक डोकरा-डोकरी, म्हणजे म्हातारा-म्हातारी, भेटली. त्यांच्याकडे जनावर सांभाळायला ठेवलं की ते आपोआप वाढत राहतं. आबांना हा व्यवहार लगेच पटला. आपल्याकडे शेळी दुसऱ्याला पाळायला देतात, तसंच. भाग्येशने भुऱ्याला त्यांच्याकडे ठेवलं. "पुढला रईवारले लई येसूत, आबा."

तो पुढला रविवार आला नाही.

त्यानंतर आबा जेवायचे नाहीत असं नाही, पण जेवण झालं की नाही हे त्यांना विचारावं लागायचं. सात महिन्यांनी एका दुपारी त्यांनी काजलला हाक मारली. "डबी आन. पयलेपासून सांग."

काजलने डबी सुरू केली आणि आपल्या आवाजात सांगू लागली. आबांनी हात वर केला.

"तसं नही. भाग्या सांगे तसं सांग. तुले येस. माले म्हाईत शे."

स्वयंपाकघराच्या दारात माय उभी होती, कौसाबाई. ती एवढंच म्हणाली, "नको करू व पोरी."

काजलने आबांकडे पाहिलं. गालफडं आत गेली होती, दाढी कोणी केली नव्हती. तिने नाकाने श्वास ओढला. "आबा, आते ऐक हां..."

आबा उठून बसले. मायने कोपऱ्यातली दळणाची पिशवी उचलली आणि ती बाहेर निघून गेली.

पहिल्यापासून म्हणजे नवा खेळ. म्हातारा शास्त्रज्ञ, तीन जनावरं. आबांनी पुन्हा पानवालाच घेतला, पण म्हणाले, "याले नाव नको ठेऊ. भुऱ्या एकच." तासाभराने काजल, भाग्येश करायचा तसं, खेळ जपून ठेवायला गेली. पडद्यावर एक चौकट आली, चार ओळी जपानी. खाली दोन शब्द, एक वर, एक खाली. भाग्येश नेहमी वरचा दाबायचा. तिने वरचा दाबला.

मग दर रविवार. आबा दाढी करू लागले, भाकरी मागून घेऊ लागले. काजलला भाऊ दिवसेंदिवस सोपा जात होता. ती घसा घोगरा करून हसायची सुद्धा. शोभाबाईंनी एकदा भिंतीपलीकडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी काजलला नळावर गाठलं, "पोरी, मन्हा हातमाईन तवा पडी गया ना व! जित्ता माणूसना आवाज काढ, मन्हा काढ, मी काहीच म्हणाऊ नही." मायला मात्र रविवारी दुपारी नेमकं काहीतरी काम निघायचं. दळण नसलं तर सरपण, सरपण नसलं तर कोणाकडे बाळंतीण बघायला जायची. आई आपल्यावर रागावली आहे, असं काजलने धरून चाललं.

हळूहळू आबा खेळाबाहेरचं विचारू लागले. "खोलीवरना पंखा सुधरा का रे?" काजलचा हात थांबला. आबांना ठाऊक होतं समोर कोण आहे. त्यांचा हात तिच्या मनगटावर होता, तिच्या बांगड्यांवरच. तरी विचारलं. आणि तिने त्याच आवाजात उत्तर दिलं, "सुधरा आबा, नवा कंडेन्सर टाका." आबांनी मान डोलावली. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आबा म्हणाले, "हाऊ नवा ऱ्हाऊ दे आते. भुऱ्याले घर लई ये. भलता दिन व्हई गया त्याले त्या डोकरा-डोकरीकडे. त्या बी काय म्हणतीन?"

काजलने डबी बंद करून पुन्हा चालू केली. पहिल्या पडद्यावर जुना खेळ शोधला. फोनमध्ये जसे हजार फोटो राहतात, तसे डबीत दोन्ही खेळ राहत असतील, असं तिने गृहीत धरलं होतं. पण तिथे एकच होता, तिचा. ती त्यात शिरली, चालत चालत डोकरा-डोकरीच्या घरी गेली. डोकरा काहीतरी जपानीत बोलला. कुंपणात कोणी नव्हतं. तेव्हा तिला ती चौकट आठवली, त्या चार ओळी आणि वरचा शब्द. त्या ओळी काय विचारत होत्या ते तिला आत्ता, न वाचता, कळलं.

सहा वर्षांचे रविवार तिने अंगठ्याने पुसले होते.

"भेटना का?" आबा म्हणाले. "कितला मोठा व्हयना?"

खोटं बोलणं सोपं होतं. आबांना दिसत नव्हतं. भुऱ्या बरा आहे, चरतो आहे, एवढंच भाग्येशच्या आवाजात म्हणायचं. तिने नाकाने श्वास ओढला. "आबा, भुऱ्या एकदम मजामा शे..."

आणि स्वतःच्याच आवाजाला तिने कान टवकारले. शेपूट वर गेलं होतं. माता-भगिनींनो, संधी दवडू नका. तिने खाकरून पुन्हा म्हटलं. घोगरेपणा आला, पण तो मागच्या रविवारचा होता, तिने स्वतः काढलेला. त्याच्या मागे त्याच्या आधीच्या रविवारचा, तोही तिचाच. ती मागे मागे जात राहिली. सगळ्यात मागे भाग्येश असायला हवा होता. तिथे कोणी नव्हतं.

ती आपल्या आवाजात बोलली. "आबा, भुऱ्या नही. जुना खेळ मी पुसी टाका. माले वाचता उनं नही. मी वरलं दाबी दिधं, पयला दिनलेच."

बाहेरून ट्रॅक्टर गेला. मग आबा म्हणाले, "डोकरा-डोकरी?"

"त्या शेतस. पण त्यासले भुऱ्या म्हाईतच नही."

आबांनी मान हलवली, समजल्यासारखी. मग अगदी हळू, "बरं. तो ऱ्हाऊ दे. एकदाव म्हन फक्त. रईवारले दारमा येवावर म्हने ना, 'आबा, मी उनू.'"

"आबा, मी उनू," काजल म्हणाली.

"नही."

"आबा, मी उनू."

"नही व पोरी. हाऊ तुन्हा आवाज शे."

तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि तोही तिचाच होता. आबा उशीखाली काहीतरी शोधल्यासारखे चाचपडत राहिले, तिथे काही नव्हतं.

"तसं नही म्हने तो."

दारात माय उभी होती. डोक्यावर सरपणाचा भारा तसाच. ती आज लवकर परतली होती. तिने भारा उतरवला, पदराने मान पुसली. "'आबा' तो मांगून म्हने. पयले 'मी उनू', मंग थांबे, मंग 'आबा'."

आबांनी चेहरा तिच्याकडे वळवला. "तुले याद शे?"

"शे. म्हनीसन तं रईवारले मी आठे थांबे नही," माय म्हणाली. काजलकडे बघून म्हणाली, पण रागाने नाही. "माले त्याना आवाज तुन्हा आवाजमा मिसळाडना नव्हता."

"मंग म्हन ना. एकदाव."

कौसाबाईंनी तोंड उघडलं. सबंध आयुष्यात त्यांनी कोणाची नक्कल केली नव्हती. ओठ हलले, गळ्याची शीर वर आली, पण आवाज निघाला नाही. त्यांनी डोळे मिटून पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"माले काढता येत नही," त्या म्हणाल्या. "माले फक्त ऐकू येस."

आबांनी खाटेवर हाताने चाचपून जागा केली. कौसाबाई बसल्या. आबांनी आपला कान त्यांच्या खांद्याला लावला आणि तसेच राहिले.