स्टार नावाची फाइल

आईच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये एक उपरी फाइल आली होती. नाव काय, तर नुसता स्टार, * हे चिन्ह! कॉपी करताना माझंच बोट कुठेतरी पडलं असणार. मी कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत ती पुसायची आज्ञा लिहिली: rm *. एंटर दाबणार, तोच ताईने माझं मनगट धरलं.

"अगं थांब! स्टार म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी सगळ्या फाइली. इथून पुसलेलं परत मिळत नाही."

आईचा तेवढाच आवाज आता उरलाय. ताईने rm खोडून तिथे ls लिहिलं. "पुसण्याआधी नुसतं दाखवायला सांगायचं," ती म्हणाली. पडद्यावर आईच्या सगळ्या फाइली उतरल्या. मग तिने स्टारला दोन्हीकडून अवतरणचिन्हं लावली. आता एकच नाव दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तिने तेवढी फाइल पुसली. बाकीच्या जागच्या जागी होत्या.

सगळ्यांना लागू पडणाऱ्या नावाने एकालाच हाक कशी मारायची? आई जन्मभर बाबांना 'अहो' म्हणाली. लग्नाच्या हॉलमध्ये तिने 'अहो' म्हटलं की चार परके पुरुष वळायचे, आणि बाबा सर्वांत शेवटी, हसत.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात स्ट्रेचरमागे धावताना ती तशीच ओरडली, "अहो!"

तिथले सगळे पुरुष वळले. बाबा तेवढे वळले नाहीत.