भज्यांच्या टेबलावरून मोजलेला स्पीड

माझी फजिती ऐकायची असेल तर आधी चहा मागवा, कारण फुकटात मी स्वतःची अब्रू काढत नाही!

निपाणी रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकलला आहे. कंग्राळीहून रोज जातो-येतो. आमच्याकडे नेटवर्क दोन. एक मशीनचं, एक ऑफिसचं. ऑफिसातला व्हायरस मशीनवर जाऊ नये म्हणून मध्ये फायरवॉलचा डबा बसवलाय. तो डबा सांभाळतात बसवराज अण्णा.

एके दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "संतोष, मशीनकडच्या फाइली ऑफिसात पोचायला लई वेळ लागतोय म्हणं. स्पीड मोज आणि कुठं अडतंय ते लिहून दे."

आता हे कॉम्प्युटर दोन वेगळ्या शेडमध्ये, आणि मध्ये हे एवढं ऊन! पळापळ कोण करणार? लॅपटॉप उचलला आणि थेट कँटीनमध्ये जाऊन बसलो. तिथे वायफाय येतं. मिरची भजीही येतात.

स्क्रीनवर डावीकडे मशीनचं फोल्डर उघडलं, उजवीकडे ऑफिसचं. एक जाडजूड फाइल इकडून ओढली, तिकडे सोडली, आणि मोबाइलवर वेळ लावली.

अकरा मिनिटं! चहाच्या सुट्टीत तर तीच फाइल अर्धा तास हललीच नाही. आजूबाजूला सगळे मोबाइलवर रील बघत खिदळत होते, आणि आपण एकटेच कसे कामात आहोत याचं मला केवढं कौतुक वाटत होतं म्हणून सांगू!

तिथेच रिपोर्ट लिहिला. अडथळा: फायरवॉल. शेरा: चहाच्या वेळी काम करत नाही. तातडीने बदलावा. खाली झोकात सही.

साहेब खूश. लगेच हुकूम सुटला, रविवारी लाइन बंद ठेवून डबा बदलायचा आणि बसवराज अण्णांनी दिवसभर हजर राहायचं.

अण्णा माझ्याकडे आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "संतू, रविवारी पोरीचा साखरपुडा हाय रं चिकोडीला. बापच न्हाय म्हटल्यावर पावणं काय म्हणतील?"

वाईट वाटलं हो मला! पण हुशारी माणसाला गप्प बसू देते का? "मी तरी काय करू अण्णा? आकडे खोटं बोलत न्हाईत."

"मग माझ्यासमोर एकदा मोजून दाव."

शनिवारी दुपारी त्यांना कँटीनमध्ये नेलं. फाइल सोडली. तेवढ्यात भज्यांची ताटली आली. टेबल हे एवढंसं, म्हणून मी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि ताटलीला जागा केली. दोन भजी खाऊन उघडतो तर काय, फाइल जागच्या जागी थांबलेली!

"बघा, बघा! तुमचा डबा पुन्हा अडला!"

अण्णांनी हातातलं भजं ताटलीत ठेवलं. "फाइल मशीनकडनं ऑफिसला चाललीय न्हवं? मग तुझं झाकण मिटल्यावर ती कशाला थांबली रं?"

मी झाकण पुन्हा मिटून, उघडून बघितलं.

"आरं, चिकोडीचं पोतं निपाणीला न्यायचं, तर तू ते आधी कंग्राळीला तुझ्या घरी नेतोयस, आणि तिथनं परत निपाणीला धाडतोयस! सगळी फाइल ह्या वायफायवरनं तुझ्या लॅपटॉपात येतीया, आणि परत त्यावरनंच जातीया. त्यात ही सगळी रील बघणारी मंडळी! माझा डबा काय करंल?"

भजी तशीच सोडली. दोघं उन्हातून मशीनच्या शेडमध्ये गेलो, आणि तिथल्या कॉम्प्युटरवरून तीच फाइल सरळ ऑफिसला सोडली. वीस सेकंद! मी लाजेनं लाल, आणि अण्णा पोट धरून हसतायत.

"उद्या साखरपुड्याला ये रं," जाताना म्हणाले. "पर सरळ ये. कँटीनवरनं येऊ नको!"

तसाच साहेबांपुढे जाऊन सगळं कबूल केलं आणि रविवारचं काम रद्द झालं. वाटलं, रिपोर्ट फाडतील. पण नाही. त्यांनी शांतपणे लाल पेन घेतलं, 'फायरवॉल' हा एवढाच शब्द खोडला, त्यावर 'संतोष' लिहिलं आणि कागद नोटीस बोर्डावर लावायला दिला.

पुढचा शेरा त्यांनी तसाच ठेवला: चहाच्या वेळी काम करत नाही. तातडीने बदलावा.

आणि खाली सही माझीच!