मंजू मावशीचा नवरा आणि पाच किलोमीटर

आमच्या ट्रुगानिना उपनगरात लाल झाकणाचं बिन दर आठवड्याला रिकामं होतं, पिवळ्या झाकणाचं पंधरा दिवसांनी. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही. लॉकडाऊनमध्ये घराबाहेर काही जातच नव्हतं, मग सगळे घरातच साचले. त्यातले बरेचसे मंजू मावशीचे. थोडे माझ्यामुळे झालेले.

मंजू मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. वय अडतीस. आमच्याकडेच राहते, माझ्या शेजारच्या खोलीत. पुण्याहून आजोबांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत तिकडे कुणी सापडला तर ठीक. नाहीतर विमानं सुरू झाली की मंजूने परत यायचं, आणि मी बघेन त्याच्याशी लग्न करायचं."

मावशी गेली तर शाळेतून येणाऱ्या ईमेलना आईच्या नावाने उत्तरं कोण देणार? म्हणजे प्रॉब्लेम माझाही होता.

*

सुरुवात एका फ्रेंच सिनेमाने झाली. मी आईला सांगितलं, शाळेचा होमवर्क आहे. आमच्या शाळेत फ्रेंच नाहीच, इटालियन आहे, आणि तेही मी सोडलंय. पण तेव्हा चेक कोण करत होतं.

सिनेमातली बाई चाळिशीला आलेली. एक दिवस वहीत नावं लिहिते आणि एकेकाला भेटत नवरा शोधत फिरते. हसू येतं, मध्येच वाईटही वाटतं. आई रिमोट घेऊन बसली होती. कुणी कुणाच्या जवळ सरकलं की सिनेमा दहा सेकंद पुढे. फ्रेंच लोक सारखे जवळ सरकतात. दोन तासांचा सिनेमा सव्वा तासात संपला.

"मग मिळाला का तिला शेवटी?" मावशीने विचारलं.

आईने रिमोट टीपॉयवर ठेवला. "शेवट पुढे गेला बहुतेक."

"निदान शोधत तरी ती स्वतः होती," मावशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने लग्नाच्या साइटवरचा आपला पासवर्ड बदलला. तोपर्यंत तिचं अकाउंट बाबा चालवायचे.

*

पहिला मुलगा अ‍ॅडलेडचा, मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत शिकवणारा. झूमवर कार्यक्रम. त्याची आई नाशिकहून जॉइन झाली. होस्ट मी, कारण घरात बाकी कुणाला लिंक बनवता येत नाही.

त्या काकूंनी सुरुवातच केली, "एवढं वय होईपर्यंत थांबलात का?" मी म्यूट केलं. त्यांनी अनम्यूट केलं. "स्वयंपाक येतो ना?" परत म्यूट. मग त्यांना वाटलं नेट गेलंय, आणि त्या फोन हलवत खिडकीकडे गेल्या.

आता मुलगा आणि मावशी दोघंच. मावशी वाट बघतेय. तो चष्मा पुसतोय. दोन मिनिटांनी तो स्क्रीनच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, बोल ना."

*

दुसरा कालगुर्लीचा, सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. माणूस सरळ होता. पण आईने सवयीने कांदेपोहे केले आणि मावशीला ट्रे घेऊन बाहेर पाठवलं. मावशीने ट्रे लॅपटॉपसमोर धरला. तो तिकडे तीन दिवसांचा ब्रेड खात होता. बराच वेळ बघत राहिला.

"घ्या ना," आई सवयीनेच म्हणाली.

"खोबरं पण घातलंय," तो म्हणाला.

मग बाबांनी विचारलं, समजा जमलंच, तर मंजूने तिकडे कधी यायचं? तो म्हणाला, "आमच्या राज्याची बॉर्डर बंद आहे. आमचे प्रीमियर, म्हणजे इथले मुख्यमंत्री, उघडतील तेव्हा."

बाबांनी लॅपटॉप मिटला आणि पोहे खायला घेतले. "मुहूर्त काढायला प्रीमियर. हे काही आपल्याला झेपायचं नाही."

*

मग बाबांनी धोरण बदललं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. त्यांनी माझा कंपास घेऊन नकाशावर वर्तुळ काढलं. "आता गुण बघायचे नाहीत, पगार बघायचा नाही, जात विचारायची नाही. फक्त अंतर."

"पत्रिका तरी?" आईने विचारलं.

"बघ. पण वर्तुळाच्या आतली."

वर्तुळाच्या आत दोनच निघाले. एक चोवीस वर्षांचा. दुसऱ्याचं प्रोफाइल जुनं होतं, त्याची बायको परवाच आमच्याकडून कढीपत्ता घेऊन गेली होती.

मी म्हटलं, "बाबा, पण त्या मुलालाही पाच किलोमीटर आहेत ना?"

बाबांनी साडेआठ किलोमीटरवरच्या एकाच्या घराभोवती दुसरं वर्तुळ काढलं. दोन्ही वर्तुळं एकमेकांत जराशी घुसली. त्या फटीत एक बदकांचं तळं आणि बंद असलेल्या टाइल्सच्या दुकानाचं कार पार्क, एवढंच होतं.

"शाब्बास," बाबा म्हणाले. मॅथ्ससाठी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

*

तो साडेआठ किलोमीटरवाला म्हणजे किरण. अकाउंटिंग शिकायला आला आणि बेकरीत रमला. पहाटेच्या शिफ्टला क्रॉसाँ भाजतो. पहिल्याच फोनवर तो मावशीला म्हणाला, "आपण भेटलोय. तुम्ही माझ्या नाकात काडी घातली होती."

मावशी कोव्हिड टेस्टिंगच्या तंबूत काम करते. गाड्यांची रांग, खिडकी खाली, नाव, जन्मतारीख, मग काडी. चेहरे तिला आठवत नाहीत. म्हणाली, "रडला होतात का?"

"थोडा."

"मग आठवलं."

आईचं घोडं पत्रिकेवर अडलं. जन्मतारीख मागितली तर किरण म्हणाला, "काकू, आमच्याकडे पत्रिका बघत नाहीत. मी देणार नाही."

आई म्हणाली, "मग माझं हो नाही. आणि माझं हो नसेल तर आजोबांचंही नाही."

मग तिच्या लक्षात आलं. "मंजू, तुझ्या फॉर्मवर असेल की त्याची तारीख."

"पेशंटची माहिती बाहेर सांगत नाही, ताई."

"मी सख्खी बहीण आहे तुझी."

"म्हणूनच."

तीन आठवडे आईने रोज विचारलं. चहा देताना, कपडे वाळत घालताना, बाथरूमच्या दारातून. मावशी एक आकडा बोलली नाही. दिवाळी महिन्यावर आली.

*

मावशी आणि किरण व्यायामाच्या नावाखाली त्या तळ्याजवळच्या कार पार्कमध्ये भेटायला लागले होते. चौथ्या भेटीला आईला राहवेना. पण व्यायामाला दोनच माणसं एकत्र जाऊ शकत होती, तीही तासभर. म्हणून मावशी पुढे गेली. पाठोपाठ बाबा आणि मी वेगळे व्यायामाला निघालो, आणि आई एकटीच, तिसरीकडून. योगायोगाने सगळे त्याच कार पार्कला पोचलो. बाबा आणि मी टाइल्सच्या दुकानाला चकरा मारत होतो. आई बदकं बघत होती, पाठ बदकांकडे करून.

मावशी आणि किरण बाकावर. मास्क हनुवटीवर, मध्ये आईच्या पोह्यांचा डबा, डब्याच्या झाकणावर क्रॉसाँ.

पोलिसांची गाडी आली. एक बाई उतरली. "हाउ यू गोइंग. हा कुठला एक्सरसाइज?"

मावशीने तोंडातला घास गिळला.

"हे कोण तुमचे?"

"नवरा," मावशी म्हणाली.

किरणचा चमचा हवेत थांबला. बाबा माझ्या अंगावर आपटले.

पोलीसबाईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "नवऱ्याचं पूर्ण नाव?"

मावशीने सांगितलं.

"डेट ऑफ बर्थ?"

मावशीने एकदा बदकांच्या दिशेने बघितलं. मग दिवस, महिना, वर्ष, सगळं मोठ्यांदा, न अडखळता सांगून टाकलं.

पोलीसबाईने मान डोलावली आणि आमच्याकडे बोट केलं. "आणि ती माणसं? तुमच्याबरोबर आहेत?"

"मी ओळखत नाही त्यांना," मावशी म्हणाली.

तेवढ्यात तळ्याकाठच्या त्या अनोळखी बाईने मास्क खाली ओढला आणि हाक मारली,

"मंजू, जन्मवेळ पण विचारून घे गं!"