सागाचं म्हणून सांगितलेलं दार

मुरुडच्या आमच्या घराचं पुढचं दार पावसात फुगून अडकायला लागलं, म्हणून मी सुताराला बोलावलं. त्याने दार उतरवून ओटीवर आडवं ठेवलं आणि खालच्या कडेवर रंधा मारला. वरचा काळपट तपकिरी थर निघाला आणि खालून हळदीसारख्या पिवळ्या ढलप्या पडू लागल्या.

"गुरुजी, हा फणस हाय," तो वडिलांना म्हणाला.

वडील निवृत्त शिक्षक. खुर्चीतूनच म्हणाले, "साग आहे तो. माझ्या वडिलांनी दिघीहून होडीतून आणवला होता."

सुताराने एक ढलपी हुंगली. सागाला तेलकट वास येतो, इथे तो नव्हता. फणस कापल्यावर पिवळा असतो, उजेड-वारा लागून वर्षानुवर्षं गडद होत जातो आणि जुना झाला की सागासारखा दिसतो, असं तो म्हणाला. वाळवीही त्याला सहसा लागत नाही. मग मात्र तोच घुटमळला. "जुना साग पण कधी पिवळा निघतो. आता नक्की काय सांगू?"

 शेवटी मी किहीमच्या आत्याला फोन लावला. ती वडिलांहून मोठी. फोन स्पीकरवर होता.

"फणसच. गोठ्यामागचा," ती वडिलांना म्हणाली. "अरे, लहानपणी तू दिवसभर त्याच्यावर बसायचास. तो पाडला तेव्हा जेवेनास. म्हणून बाबांनी तुला सांगितलं, दार सागाचं आहे, दिघीहून आलंय."

वडील फोनकडे वाकले. मग म्हणाले, "ताई, कुठला फणस?"

"गंमत करतोस का?"

ते गंमत करत नव्हते. होडीतून उतरवलेल्या फळ्या त्यांना आठवत होत्या, ओल्या दोरांसकट. झाड आठवत नव्हतं. आत्याचं चुकत असेल का? की न पाहिलेली होडी माणसाला इतकी स्पष्ट दिसू शकते? कुणाला विचारावं तेही सुचेना, कारण त्या वेळचं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

सुताराने दार बसवून दिलं. ते नीट लागू लागलं.

संध्याकाळी वडील चप्पल घालून मागच्या परसात गेले. गोठा केव्हाच पाडलाय, तिथे आता पोफळी आहेत. मीही मागोमाग गेलो. "इथे असेल फणस," म्हणत ते एका जागी थांबले. मग विहिरीकडे सरकले. "नाही, इथे."

मी दोन्ही ठिकाणची जमीन पाहिली. मला सगळीकडे सारखीच दिसली.