खोटे चार दिवस

नवागामच्या खोलीत साड्यांना खडे चिकटवणाऱ्या हर्षदाची पाळी चार-चार महिने येत नसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पीसीओडी आहे, गोळ्या चुकवू नकोस, मूल होऊ शकतं. पण घरी सांगायचा तिला धीर झाला नाही. पाळी लांबली की सासू पुष्पाबाई नातवाची आस लावून बसायच्या, आणि आस मोडली की महिनाभर घालूनपाडून बोलायच्या. म्हणून हर्षदा दर महिन्याला चार दिवस खोटीच बाहेर बसू लागली.

या महिन्यात लग्नसराईच्या साड्यांच्या घाईत ती बसायचंच विसरली.

आज पुष्पाबाईंनी तिच्या हातावर कैरीची फोड ठेवली. “आते जड उचलू नको, माय.”

हर्षदाने मनातल्या मनात दिवस मोजले. सहा वर्षांत त्या तिला पहिल्यांदाच माय म्हणाल्या होत्या.